हृदयाचा विसांवा

हृदय जन्मापासून मरणापर्यंत क्षणभरहि विश्रांति न घेतां काम करीत असतें, असें आम्ही लहानपणीं क्रमिक पुस्तकांत वाचलें, पुढें व्याख्यानांतून ऐकलें, आणि आतां सत्कारसमारंभांच्या भाषणांतून वरचेवर ऐकतों. कोणी गृहस्थ साठ वर्षांचे झाले, कीं त्यांच्या अविश्रांत लोकसेवेला हृदयाची उपमा मिळालीच म्हणून समजावें. ही उपमा ऐकून उत्सवमूर्तीला संकोच वाटतो. खरें पाहतां तो हृदयाला वाटावयास हवा. कारण हृदयाइतका नेमानें विसांवा घेणारा चाकर शोधूनहि सांपडणें कठीण.

हिशेब सोपा आहे. मिनिटाला साठ ठोके पडत असतील तर एका ठोक्याच्या वांट्याला एक सेकंद येतो. त्या सेकंदापैकीं हृदयाच्या मुख्य कप्प्यांतील स्नायु सुमारें ०.४ सेकंद विजेच्या दृष्टीनें जागा असतो, उरलेले ०.६ सेकंद तो स्वस्थ असतो. चोवीस तासांचा मेळ घातला, तर कामाचे ९ तास ३६ मिनिटें भरतात आणि विसांव्याचे १४ तास २४ मिनिटें. कचेरींतील कारकुनाला हेवा वाटावा अशी ही वांटणी आहे. फरक इतकाच, कीं कारकुनाची सुटी सलग असते, आणि हृदयाची ८६,४०० तुकड्यांत वांटलेली असते.

खरा प्रश्न ह्यापुढेंच आहे. मनुष्य जोतिबाचा डोंगर चढूं लागला, कशानें दचकला किंवा आखाड्यांत उतरला, कीं साठाचे शंभर, सव्वाशें, दीडशें ठोके होतात. दीडशें ठोके म्हणजे प्रत्येकाच्या वांट्याला फक्त ०.४ सेकंद. कामाला पूर्वींइतकाच वेळ लागत राहिला, तर तो सबंध ०.४ सेकंद कामांतच संपेल आणि विसांव्याला शून्य उरेल. तरीहि डोंगर चढलेले भाविक गुलालानें माखून हंसतखेळत खालीं येतात, आणि पहिलवान लंगोटावरची माती झाडून पुढच्या जोडीला जागा देतात. तेव्हां घाईच्या वेळीं हृदय कोठें तरी वेळ वांचवीत असलें पाहिजे. आम्ही पदार्थविज्ञानाचे शिक्षक. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. परंतु विजेची गोष्ट निघाली, म्हणजे शेजाऱ्याच्या कुंपणावरून डोकावण्याचा हक्क आम्हांलाहि पोंचतो, अशी आमची समजूत आहे.

हृदयाच्या स्नायूची प्रत्येक पेशी हा विजेचा एक चिमुकला घटच आहे. पेशी स्वस्थ असतांना तिची आंतली बाजू बाहेरच्या मानानें सुमारें ९० मिलिव्होल्ट ऋण असते. भिंतीवरच्या घड्याळांत आपण दीड व्होल्टचा सेल घालतों, त्याच्या सुमारें सतराव्या हिश्श्याइतका हा दाब. शेजारच्या पेशीकडून चेतना आली, कीं पेशीच्या पातळ आवरणांतील सोडियमचीं दारें उघडतात, सोडियमचे धनभारित कण आंत घुसतात, आणि एकदोन सहस्रांश सेकंदांत ऋण बाजू धन होते. मग कॅल्शियम आंत येऊं लागतें. स्नायूला आकुंचनाची आज्ञा मिळते ती त्याच्याकडून. कॅल्शियमचें आंत येणें आणि पोटॅशियमचें बाहेर जाणें ह्यांची कांहीं वेळ बरोबरी चालते, म्हणून दाब एका पातळीवर टिकून राहतो. शेवटीं पोटॅशियमची सरशी होते आणि पेशी मूळपदावर येते. ह्या चढउताराची आकृति ज्यांनीं पाहिली असेल त्यांना पन्हाळ्याजवळच्या मसाईच्या पठाराची आठवण होईल: एका बाजूस ताठ कडा, वर लांबच लांब सपाटी, आणि दुसऱ्या बाजूस उतार.

ह्या सपाटीवर असेपर्यंत पेशी बहिरी असते. नवी चेतना आली तरी ती तिला ओ देत नाहीं. हा बहिरेपणा दोष नसून रक्षण आहे. दंडाच्या स्नायूला लागोपाठ चेतना मिळाल्या, तर त्याचीं आकुंचनें एकमेकांत मिसळून तो आवळलेलाच राहतो. पहिलवानाची पकड ह्याच गुणावर उभी आहे. हृदय असें आवळून राहिलें, तर तें रक्त भरून केव्हां घेणार? शिवाय हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूला त्याचें स्वतःचें रक्त मुख्यतः तो सैल असतांनाच मिळतें. म्हणजे विसांवा ही हृदयाची चैन नव्हे. ती त्याच्या जेवणाची वेळ आहे.

माणसाच्या हृदयाची वीज शरीराच्या बाहेरून प्रथम टिपली ती लंडनमध्यें ऑगस्टस वॉलर ह्यांनीं, १८८७ सालीं. पुढें हॉलंडमधील लायडन येथील आइंथोव्हेन ह्यांनीं अतिशय नाजूक तारेचें यंत्र करून त्या विजेचा रेखीव आलेख मिळविला, त्यावरील चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी अशीं नांवें दिलीं, आणि १९२४ चें नोबेल पारितोषिक मिळविलें. आज इस्पितळांत जी कागदाची पट्टी आपल्या हातांत ठेवतात, तिच्यावर हींच अक्षरें वाचतात. क्यूपासून टीच्या शेवटापर्यंतचा काळ हा स्थूलमानानें मुख्य कप्प्यांच्या कामाचा काळ. प्रत्यक्ष एका तंतूच्या आंत कांचेची सूक्ष्म नळी घालून दाब मोजण्यास मात्र १९४९ साल उजाडावें लागलें. तें काम कोराबफ आणि वाइडमन ह्या दोघांनीं केंब्रिज येथें केलें.

परंतु लय बदलली म्हणजे हृदयाचा स्नायु बदलतो, ही गोष्ट ह्याच्याहि पुष्कळ आधीं ध्यानांत आली होती. बॉस्टनचे बोडिच हे तरुण संशोधक १८७१ सालीं लाइपझिगमध्यें लुडविग ह्यांच्या प्रयोगशाळेंत बेडकाच्या हृदयावर काम करीत होते. चेतना लहान दिली काय, मोठी दिली काय, स्नायु एक तर पूर्ण आकुंचन पावतो किंवा मुळींच पावत नाहीं, हें त्यांना दिसलें. पण थोडा वेळ थांबून मग ठराविक अंतरानें चेतना देत गेल्यास पहिल्याहून दुसरें, दुसऱ्याहून तिसरें आकुंचन जोरदार होत जातें. कागदावर जिन्याच्या पायऱ्या चढाव्यात तशा रेघा उमटतात. चेतना तीच, स्नायु तोच. बदलला तो केवळ मागच्या ठोक्यांचा इतिहास. हृदयाच्या पेशीला स्मरणशक्ति आहे, असें म्हणावयाचें तर त्याचा पहिला पुरावा हा.

कामाच्या काळाचें गणित १९२० सालीं मांडलें गेलें. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ बॅझेट ह्यांनीं असें दाखविलें, कीं क्यूपासून टीपर्यंतचा काळ दोन ठोक्यांमधील अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत बदलतो. लंबकाच्या आंदोलनाचें वर्गमूळ वर्षानुवर्षें फळ्यावर लिहीत आलेल्या आम्हांला हें वाचून जुना स्नेही परगांवीं भेटल्याचा आनंद झाला. मात्र लंबकाचा नियम निसर्गाचा, आणि हा केवळ व्यवहाराचा आडाखा आहे. लय फार जलद किंवा फार संथ झाली म्हणजे तो फसवितो. त्याच वर्षीं डेन्मार्कच्या फ्रिडेरिशिया ह्यांनीं वर्गमुळाऐवजीं घनमूळ सुचविलें होतें. तरीहि अंदाजापुरता बॅझेटचा आडाखा पुरेसा आहे. साठ ठोक्यांना ०.४० सेकंद काम, तर १२० ठोक्यांना सुमारें ०.२८, आणि १५० ना सुमारें ०.२५. म्हणजे १५० च्या लयींतहि प्रत्येक ठोक्यामागें सुमारें ०.१५ सेकंद विसांव्याला शिल्लक राहतात. विसांवा घटतो, पण बुडत नाहीं. जी बाकी शून्य यावयाची ती शून्य येत नाहीं, आणि त्या दीड दशांशावर धांवणाऱ्या माणसाचा जीव तगून असतो.

पेशीला हें साधतें कसें? घाई सुरू झाल्याची वर्दी तिला बाहेरून कोणी दिली नाहीं, तरी तिचें अडत नाहीं. तिच्या दारांचीं बिजागरेंच तशीं आहेत. पोटॅशियमचीं कांहीं दारें सावकाश उघडतात आणि सावकाशच मिटतात. ठोके जवळ जवळ आले, कीं तीं पुरतीं मिटण्यापूर्वींच पुढचा ठोका येतो. मग अर्धवट उघड्या दारांतून पोटॅशियम लवकर बाहेर पडतें आणि पठार आंखूड होतें. उलटपक्षीं कॅल्शियमच्या दारांना पुन्हां सज्ज होण्यास जरा उसंत लागते. ती न मिळाल्यामुळें पठाराला आधार देणारा प्रवाहहि थोडा कमी पडतो. हा झाला तत्काळ होणारा बदल. त्याच्या पाठोपाठ दुसरा, संथ बदल होतो. ठोके वाढल्यानें पेशींत सोडियम सांचूं लागतें. तें बाहेर टाकणारा पंप तीन सोडियमकण बाहेर काढून दोन पोटॅशियमकण आंत घेतो, म्हणजे दर फेरीस एक धनभार बाहेर जातो आणि पठार आणखी आंखडतें. लय एकदम बदलल्यास नवी घडी पूर्ण बसण्यास दोनतीन मिनिटें लागतात. म्हणूनच धांवत येऊन लगेच पट्टी काढली, तर तिच्यावर आतांची लय आणि मघांची लय ह्यांची सरमिसळ असते, व जाणता वैद्य थोडें थांबावयास सांगतो.

देवल क्लबाच्या बैठकींत ज्यांनीं विलंबित ख्यालाला लागलेला ठेका आणि मग द्रुत ऐकला असेल, त्यांना ह्यांत नवल वाटणार नाहीं. विलंबितांत एका मात्रेच्या पोटांत तबलजी किती तरी भरणा करतो. लय वाढली म्हणजे तो भरणा आपोआप गळतो, आणि उरतात ते नेमके बोल. द्रुतांत विलंबिताचा सबंध भरणा वाजविण्याचा हट्ट कोणी धरला, तर सम चुकणारच. चांगला तबलजी हात नुसता जलद चालवीत नाहीं. काय सोडावयाचें तें त्याला कळतें.

कोल्हापुरांत लय आणि दम ह्यांची चर्चा गायनशाळेइतकीच तालमींतहि चालते. नियमित आणि दीर्घकाळ मेहनत करणाऱ्यांची नाडी स्वस्थ असतांना पुष्कळदां पन्नासाच्या आसपास किंवा त्याहूनहि खालीं असते. मोठ्या परिश्रमाची तयारी म्हणजे एका अर्थीं विसांव्याची शिल्लक वाढविणें होय. जुनीं माणसें येथें खाशाबा जाधवांची हकीकत सांगतात. ते येथल्याच राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्यांनीं ब्राँझपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सांगतात तें असें, कीं जपानच्या इशीशीं झालेल्या दमछाक करणाऱ्या लढतीमागून त्यांना जवळजवळ लगेच सोव्हिएट मल्लापुढें उभें करण्यांत आलें. मध्यें अर्ध्या तासाची विश्रांति मिळावयास हवी होती, पण ती मागून घेण्यास आपला कोणी अधिकारी तेथें हजर नव्हता. मल्लाची विश्रांति अशी दुसऱ्याच्या हातीं असते. हृदयाच्या पेशीची विश्रांति तिच्या स्वतःच्या दारांच्या बिजागरांत असते, आणि तेथें कोणा अधिकाऱ्याची मध्यस्थी लागत नाहीं.

मात्र ह्यालाहि सीमा आहे. लय फारच वाढली म्हणजे एक चमत्कारिक खेळ सुरू होतो. विसांवा अपुरा मिळाल्यामुळें एक ठोका आंखूड पडतो. तो आंखूड पडल्यानें त्याच्यामागें जरा अधिक विसांवा उरतो. म्हणून पुढचा ठोका लांबतो. तो लांबल्यानें त्याच्या मागचा विसांवा पुन्हां तुटपुंजा होतो. असे एक आंखूड, एक लांब ठोके आळीपाळीनें पडूं लागतात. जॉर्ज मायनीझ नव्हे, तर जॉर्ज राल्फ माइन्स असें ज्यांचें नांव आपण उच्चारावें, त्या इंग्रज संशोधकांनीं १९१३ सालींच हें कोडें उलगडलें होतें. विसांव्यांतल्या थोड्या फरकानें ठोक्याच्या लांबींत त्याहून मोठा फरक पडूं लागला, कीं ही तफावत मिटत नाहीं, वाढत जाते. मग हृदयाचा एक भाग जागा, तर शेजारचा बहिरा, अशी फूट पडते. चेतनेची लाट फुटून स्वतःभोंवतींच फिरूं लागते, आणि ठोक्याच्या जागीं नुसती थरथर उरते. त्यावेळीं विजेच्या धक्क्यानें सर्व पेशींना एकदमच गप्प करणें हाच उपाय असतो.

ही सीमा सर्वांना सारखी नसते, हें आम्हांला पुस्तकानें नव्हे, तर एका विद्यार्थ्यानें शिकविलें. करवीर तालुक्यांतल्या शेतकरी घरांतला हा मुलगा अंगानें भरदार. वडील स्वतः लाल मातींत खेळलेले. चौदाव्या वर्षीं विहिरींत पोहतांना त्याची शुद्ध हरपली होती. घरच्यांनीं आणि गांवच्या वैद्यांनींहि तें फेंफरें ठरविलें, व त्यावरचें औषध दोन वर्षें चाललें. आमच्याकडे आल्यावर मैदानांत धांवतांना तो पुन्हां कोसळला. ह्या वेळीं ज्या डॉक्टरांकडे त्याला नेलें, त्यांनीं स्वस्थ असतांना काढलेल्या पट्टीवर समाधान मानलें नाहीं. चालत्या पट्ट्यावर त्याला चालवीत, सर्व तयारी हाताशीं ठेवून, पट्टी काढली. मिनिटाला १३० ठोके पडत असतां त्याच्या कामाचा काळ ०.२७ च्या आसपास यावयास हवा होता. तो ०.४० च्या खालीं उतरेना. विसांव्याला उरले होते अवघे सहा शतांश. पोटॅशियमच्या ज्या संथ दारांवर घाईच्या वेळीं सारी भिस्त असते, तींच त्याला जन्मतः अधूं मिळालीं होतीं. घाईंत काय सोडावें, हें त्याच्या पेशींना ठाऊकच नव्हतें.

ह्या विकाराच्या एका मुख्य प्रकारास कारण होणारा आनुवंशिक दोष १९९६ सालीं निश्चित झाला. त्या प्रकारांत पोहणें हें विशेष धोक्याचें असतें, आणि मुलाला आई किंवा बाप ह्यांपैकीं एकाकडूनहि तो येऊं शकतो. हें डॉक्टर समजावून सांगत असतां मुलाची आई एकदम म्हणाली, “माझी धाकली भन हिरीत बुडून गेली. पट्टीची पोहणारी होती. समद्यांनी म्हटलं, पाण्यातल्या आसरांनी नेली.” खोलींत कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. मग वडिलांनीं आमच्याकडे वळून विचारलें, “सर, पोरगं दिसायला धडधाकट. हजार जोर मारतंय. मग ह्येच्या काळजात खोट कुठनं आली वो?” आम्ही म्हटलें, “ताकदीत खोट नाही, पाटील. घाईत त्याच्या काळजाला दम घेता येत नाही, एवढंच.” ‘एवढंच’ हा शब्द तोंडांतून गेला खरा, पण बापाच्या दृष्टीनें तें एवढेंच नव्हतें. पोराची कुस्ती त्या क्षणीं संपली होती.

पुढें घरांतल्या सर्वांच्या पट्ट्या काढल्या. नऊ वर्षांच्या बहिणींतहि तोच दोष निघाला. ती त्या उन्हाळ्यांत पोहणें शिकणार होती. दोघांनाहि ठोक्यांना लगाम घालणारें साधें, रोज घ्यावयाचें औषध सुरू झालें. ह्या प्रकारांत तें बहुतेकांना चांगलें उपयोगी पडतें. मात्र एक दिवसहि चुकवावयाचें नाहीं, आणि दुसरें कोणतेंहि औषध डॉक्टरांना विचारल्यावांचून घ्यावयाचें नाहीं, असा दंडक आहे. मुलगा अजून तालमींत जातो. आखाड्याच्या कडेला बसून लहान मुलांच्या बैठका मोजतो, आणि कोणी फार दमलें तर आवाज देऊन थांबवितो.

आमच्या पिढीनें घाईचा अर्थ एकच घेतला: विसांवा कापावयाचा. काम होतें तेवढेंच ठेवून, किंबहुना वाढवून, मधल्या फटी बुजवीत जावयाच्या, आणि ह्या पराक्रमाला हृदयाची उपमा द्यावयाची. हृदयाच्या पेशीची रीत अगदीं वेगळी आहे. घाई आली, कीं ती आधीं आपलें काम आंखडतें घेते, आणि त्यांतून विसांव्याचा वांटा राखते. ज्याला काम आंखडतां येत नाहीं त्याचें काय होतें, तें त्या विहिरीच्या पाण्यानें दाखविलें आहे. तेव्हां इतःपर कोणी वक्ता आमच्या अविश्रांत सेवेबद्दल आम्हांस हृदयाची उपमा देऊं लागलाच, तर ती आम्ही नम्रपणें परत करूं. आणि ज्या घरांत धांवतांना किंवा पोहतांना एखादें मूल शुद्ध हरपून पडलें असेल, त्या घरीं एवढेंच सांगूं, कीं फेंफरें म्हणून स्वस्थ बसण्यापूर्वीं त्याच्या हृदयाची पट्टी एकदां जाणत्या डॉक्टरांकडून वाचून घ्या, आणि त्याच्या भावंडांचीहि.